रिपोर्ट पास, वास नापास

गेल्या अंकात मी सोसायट्यांच्या एसटीपीबद्दल, म्हणजे तळघरात लपवलेल्या सांडपाणी प्रकल्पांबद्दल, अर्धं पान लिहिलं होतं. संपादकांना वाटलं होतं दोन पत्रं येतील. आली एकतीस. त्यांतली नऊ फक्त बिल्डरला शिव्या देणारी होती, ती बाजूला ठेवली. बाकीच्यांतून सहा निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी २९ वर्षं मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या प्रयोगशाळेत काढली. आता निवृत्त आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, नाक मात्र अजून शाबूत आहे.

आमच्या सोसायटीत २४० फ्लॅट आहेत आणि १२० केएलडीचा (म्हणजे रोज १२० हजार लिटरचा) एमबीबीआर पद्धतीचा (तरंगत्या प्लास्टिक चकत्यांवर जिवाणू वाढवणारा) एसटीपी आहे. वीजबिल परवडेना म्हणून आधीच्या कमिटीने रात्री ११ ते सकाळी ६ ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा फुंकणारं यंत्र, बंद ठेवायचा ठराव केला. तेव्हापासून पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ वासाची तक्रार करतात. पण दर महिन्याच्या रिपोर्टात बीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) ८ येतो, आम्हाला मर्यादा १० ची आहे. प्लँट चांगला चाललाय असं समजायचं की नाही?
— सेक्रेटरी, वाकड (पुणे)

रिपोर्ट आणि वास यांचं भांडण लागलं तर मी वासाच्या बाजूने उभी राहते. रिपोर्ट महिन्यातून एकदा येतो, वास रोज येतो.

आधी एवढंच विचारा, की नमुना कोण घेतं, किती वाजता आणि कुठून. माझा अंदाज सांगते. लॅबचा मुलगा दुचाकीवरून अकराच्या सुमारास येतो. तोवर ब्लोअर पाच तास चाललेला असतो, सकाळच्या आंघोळींचा लोंढा ओसरलेला असतो. कार्बन फिल्टरच्या पुढच्या नळाखाली तो बाटली धरतो आणि जातो. त्या बाटलीतलं पाणी खरोखरच ८ चं असेल, लॅब खोटं बोलत असेलच असं नाही. पण तुमच्या प्लँटची परीक्षा सकाळी साडेसातला असते, आणि त्या वेळी पेपर तपासायला कोणी नसतं.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल त्याचं माप. इंग्लंडात १९१२ साली रॉयल कमिशनने लिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली ती याच मापात. तिकडे नमुना २० अंशांवर पाच दिवस ठेवतात. आपल्याकडे गरम, म्हणून २७ अंशांवर तीन दिवस. घरच्या घरी याची गावठी आवृत्ती करता येते. साडेसातला सेटलरवरून, म्हणजे गाळ खाली बसायच्या टाकीवरून, वाहणारं पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि दोन दिवस कपाटात ठेवा. तिसऱ्या दिवशी उघडा. मातकट वास आला तर ठीक. सडक्या अंड्याचा आला आणि पाणी काळपट झालं असेल, तर पचन अर्धवट राहिलंय. हा कायदेशीर पुरावा नाही, पण सभेत बाटली उघडली की ठराव लवकर बदलतो.

आता रात्री काय होतं ते बघा. ब्लोअर बंद झाला की टाकीतला विरघळलेला प्राणवायू अर्ध्या तासात संपतो. जिवाणू काही झोपत नाहीत, जे मिळेल त्यावर श्वास घेतात. आधी नायट्रेट संपवतात, मग सल्फेटवर येतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवा नसल्याने पाणी ढवळलं जात नाही, गाळ तळाला बसतो आणि हा वायू तिथेच कोंडतो. सकाळी सहाला तुम्ही ब्लोअर सुरू करता. पहिला तासभर तो टाकीला हवा कमी देतो आणि रात्रभर साठलेलं बाहेर हाकलतो जास्त. बरोबर त्याच वेळी तुमचे ज्येष्ठ नागरिक पोडियमवर प्राणायाम करत असतात.

सेटलरही एकदा वाकून बघा. तिथे तपकिरी गोळे वर तरंगताना दिसतील. ऑपरेटर म्हणेल ‘गाळ जास्त झालाय’. तेही असेल. पण तळाशी पडून राहिलेल्या गाळात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि त्याचे बुडबुडे गाळाला खांद्यावर घेऊन वर आणतात, हे जास्त संभवतं.

पैशांचं बोलू. साडेसात एचपीचा ब्लोअर असेल तर सात तासांत साधारण ३९ युनिट होतात. दहा रुपये युनिट धरा, दिवसाला चारशे, महिन्याला बारा हजार. २४० फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येकी पन्नास रुपये. एवढ्यासाठी पहाट नासवू नका. वाचवायचंच असेल तर टायमर बसवा. रात्री पाण्याचा भार कमी असतो, तेव्हा अर्धा तास बंद आणि पाऊण तास चालू अशी पाळी लावली तरी चालतं. उलट तेवढ्या विश्रांतीत नायट्रेटही थोडं कमी होतं. सलग सात तास मात्र नाही. आणि पहिल्या साठवण टाकीची, म्हणजे इक्वलायझेशन टँकची हवा तर कधीच तोडू नका. वासाचं माहेर बहुतेक वेळा तीच असते.

एक शेवटचं. तुमच्या पत्रात गाळ हा शब्दच नाही. रोजच्या १२० घनमीटर पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅम बीओडी धरला तर ३० किलो होतो. त्याच्या निम्म्याहून थोडा कमी, म्हणजे बारा-तेरा किलो कोरडा गाळ रोज तयार व्हायला हवा. फिल्टर प्रेसमधून, म्हणजे गाळ पिळणाऱ्या यंत्रातून, ओला निघताना तो साठेक किलो भरतो. प्रेस शेवटची कधी उघडली ते लॉगबुकात बघा. महिनोन्‌महिने उघडलीच नसेल, तर तो गाळ गेला कुठे? मला एक जागा माहीत आहे, तिच्यावर झाकण असतं आणि ती रस्त्याच्या कडेला असते.

आमच्या कंत्राटदाराने ‘कल्चर पावडर’साठी महिना १८ हजारांचं कोटेशन दिलंय. म्हणतो, त्याशिवाय जिवाणू टिकत नाहीत. घ्यावी का?
— कमिटी सदस्य, नाशिक

नको.

थोडं सविस्तर सांगते. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैलापाण्यात नुसती हवा सोडत ठेवली. पाणी पुरतं शुद्ध व्हायला पहिल्या वेळी पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी ओतून टाकलं आणि तळाचा गाळ मात्र तसाच ठेवून त्यावर नवं मैलापाणी घातलं. असं करत करत तेच काम चोवीस तासांच्या आत व्हायला लागलं. त्या गाळाला त्यांनी ‘ॲक्टिव्हेटेड’ म्हटलं. जगातली कितीतरी केंद्रं आजही ह्याच एका युक्तीवर चालतात: पाणी सोडा, गाळ राखा. दह्याचं विरजण मागे ठेवतो तसंच. त्यांच्याकडे पावडर नव्हती.

तुमच्या सोसायटीतल्या माणसांच्या पोटातून रोज जेवढे जिवाणू येतात तेवढे कुठल्याही डब्यात मावत नाहीत. ते टिकत नसतील तर त्यांना हवा मिळत नाहीये, किंवा गाळ परत फिरवणारा पंप बंद आहे, किंवा कोणी रोज ॲसिडने फरशा धुतंय. नव्या प्लँटला सुरुवात करून द्यायची असेल तर जवळच्या चालू केंद्रातून एक टँकर गाळ आणा. शेण आणि गूळ टाकतात, चालतं, पण शेणातली काडी-कचरा पंपात अडकते, म्हणून गाळून टाका. १८ हजारांत दरमहा टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणारे दोन-चार डिफ्यूझर बदलून होतील.

शहराचा नाला आमच्या शिवारातून जातो. पूर्वी काळंभोर पाणी यायचं, आता वर प्लँट झालाय, पाणी स्वच्छ दिसतं. उसाला देतोच आहोत. मेथी, कोथिंबीर, मुळ्यालाही द्यावं का? खत कमी लागतं असं सगळे म्हणतात.
— शेतकरी, वाळवा तालुका (सांगली)

तुमच्या तालुक्यात माझं बालपण गेलं, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते.

खत कमी लागतं हे खरं. प्लँट नुसता बीओडी काढणारा असेल, आणि जुने बरेच तसेच आहेत, तर पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन उरतो. पाटाने ऊस भिजवणारा एका एकराला वर्षभरात आठेक हजार घनमीटर पाणी सहज देतो. गुणाकार करा: २४० किलो नत्र, पोत्याला हात न लावता. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलोची, म्हणजे एकरी शंभर. तुम्ही अडीचपट देताय, आणि वर सवयीने युरियाही टाकताय. ऊस हिरवागार दिसेल, उंच होईल, आडवा पडेल आणि कारखान्यावर उतारा घसरेल. शेजारच्या विहिरीत नायट्रेट उतरेल ते वेगळंच. तेव्हा ठिबक करा आणि वरचं नत्र जवळपास बंद ठेवा.

भाजीचं गणित निराळं. पाणी स्वच्छ दिसणं आणि जंतू नसणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरला एक कोटी कोलीफॉर्म असतात. जैविक टाकीने त्यातले ९० टक्के काढले असं ऐकून बरं वाटतं, पण उरतात दहा लाख. ९९ टक्के काढले तरी एक लाख. जिवाणूंची टाकी घाण खाण्यासाठी असते, रोगजंतू मारणं तिचं काम नाही. त्यासाठी पुढे क्लोरीन किंवा अतिनील दिवे लागतात, आणि ते रोज चालू असावे लागतात. शिवाय जंताची अंडी क्लोरीनलाही दाद देत नाहीत, ती गाळण्यात अडकावी लागतात.

म्हणून ऊस, चारा, बांबू, साग यांना द्या. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, जे कच्चं खाल्लं जातं आणि मातीला टेकतं, त्याला देऊ नका. आणि पाणी सोडताना गमबूट घाला. आमच्या आजोबांना नाल्याच्या पाण्यावरचा मळा अनवाणी, चिखलात उभं राहून करताना हुकवर्म झाला होता. त्याला तेव्हा ‘रक्त कमी झालंय’ एवढंच म्हणायचे.

आमच्या प्रोजेक्टसाठी: जैविक शुद्धीकरण नैसर्गिक आहे, रसायनं लागत नाहीत. मग त्याचा पर्यावरणावर वाईट परिणाम शून्य म्हणायचा का? आणि गॅस देणारी विनाहवेची पद्धत सगळ्यात हिरवी ठरते का?
— विद्यार्थिनी, पर्यावरण अभियांत्रिकी, छत्रपती संभाजीनगर

शून्य असं काही नसतं गं. टाकीत घाण आली, तिला बाहेर जायला तीनच दारं: पाणी, हवा आणि गाळ. एका दारातून निघाली नाही तर दुसऱ्यातून निघते. प्रोजेक्टमध्ये तिन्ही दारांवर उभी राहून मोज. तुझे शिक्षक बहुधा फक्त पाण्याच्या दारावर उभं राहायला सांगतील.

हवेच्या दाराचं घेऊ, कारण तिथे बहुतेकांची चूक होते. सगळे आधी विजेकडे बोट दाखवतात. बरोबर आहे, केंद्राच्या विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त हवा फुंकण्यातच जाते. पण हे करून बघ. आपण माणशी दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं खातो. त्यातला १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे दहा ग्रॅमच्या आत-बाहेर, दुसऱ्या दिवशी टाकीत. वर्षाला साडेतीन किलो. केंद्रात येणाऱ्या नायट्रोजनपैकी १.६ टक्के नायट्रस ऑक्साइड म्हणून उडतो असं आयपीसीसीने (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने) २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत धरलंय. म्हणजे माणशी वर्षाला ५६ ग्रॅम नायट्रोजन, आणि त्यातला ऑक्सिजन धरून वायू ९० ग्रॅम. एवढंसं वाटतं ना? पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे २५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं.

आता वीज. माणशी दिवसाला १०८ लिटर सांडपाणी, वर्षाला ३९ घनमीटर. मोठ्या केंद्रात घनमीटरला ०.४ युनिट धर. सोळा युनिट होतात. आपल्या बहुतांश कोळशाच्या, पण सरासरी विजेला युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरलंस तर अकरा किलो. वीज अकरा, आणि डोळ्यांना न दिसणारा, वास नसलेला वायू पंचवीस! हा माझा पाकिटाच्या पाठीवरचा हिशेब आहे, खऱ्या केंद्रात आकडा निम्मा किंवा दुप्पट निघू शकतो. पण मोजायचं काय ते त्यातून कळतं.

आणि हा वायू वाढतो कधी? जिवाणूंना अर्धपोटी हवा मिळते तेव्हा. पुरेशी हवा असली की अमोनियाचा नीट नायट्रेट होतो, हवा अजिबात नसली आणि खायला असलं की नायट्रेटचा नीट नायट्रोजन वायू होतो. मधल्यामध्ये लोंबकळत ठेवलं की काम अर्ध्यात सुटतं आणि नायट्रस ऑक्साइड निसटतो. वाकडच्या सेक्रेटरींनी हे वाचावं म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे. ब्लोअर बंद करून वाचवलेल्या युनिटांची हिरवाई बरीचशी अशी परत जाते.

तरीही उलट्या बाजूचा आकडा मांडल्याशिवाय प्रोजेक्ट पुरा करू नकोस. हेच सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये किंवा तुंबलेल्या गटारात कुजलं तर? माणशी दिवसाला ३४ ग्रॅम बीओडी, वर्षाला साडेबारा किलो. आयपीसीसीच्याच पद्धतीने किलोला ०.६ किलो मिथेन, त्यातला निम्मा प्रत्यक्ष तयार होतो असं धरून, पावणेचार किलो मिथेन. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, म्हणून गुणिले २८. शंभर किलोच्या वर. टाकीतले छत्तीस वाईट म्हणायचे, तर नाल्यातल्या शंभराला काय म्हणायचं? आणि आपल्याकडे नालाच मोठा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं रोजचं मैलापाणी ७२,३६८ दशलक्ष लिटर दिलंय. त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होत होतं सुमारे २०,२०० दशलक्ष लिटर. प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या नायट्रस ऑक्साइडवर चर्चा जरूर कर, पण उरलेल्या ५२ हजारांकडे पाठ करून नको.

विनाहवेच्या पद्धतीबद्दल. नेदरलँड्सच्या लेटिंगांनी १९७० च्या दशकात यूएएसबी नावाची टाकी बसवली, गंगा कृती योजनेत ती कानपूरला जाजमऊमध्ये डच मदतीने आली. हवा फुंकावी लागत नाही, गाळ अगदी थोडा, वर गॅस. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीसारख्या दाट सांडपाण्याला हिच्यासारखी दुसरी नाही. घरगुती मैलापाणी मात्र पातळ. त्यातला मिथेनचा मोठा हिस्सा पाण्यात विरघळून टाकीबाहेर जातो आणि पुढच्या धबधब्यावर हवेत उडतो. शिवाय अमोनिया जसाच्या तसा. मागे दुसरी हवेची टाकी किंवा तळं लागतंच. वर्षानुवर्षं गॅस होल्डर रिकामे आणि ज्योत विझलेली अशी केंद्रं मी पाहिली आहेत. ‘हिरवी’ हा शब्द तू प्रोजेक्टमधून काढून टाक, आकडे ठेव.

पाण्याच्या दाराबद्दल एकच. बीओडी १० आणलं तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस तसेच सोडले तर नदी काळी होत नाही, हिरवी होते. पुण्याचं पाणी भीमेतून उजनीत जातं. उन्हाळ्यात तिथे काठाला उभी राहून बघ. हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १० सोबत एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ सांगितला तो यासाठी.

आमच्या गावाची लोकसंख्या १,४००. निधी आलाय. एक कंपनी तयार एसटीपी बसवून देते म्हणते. घ्यावा का?
— ग्रामपंचायत सदस्य, परभणी जिल्हा

गावात लोडशेडिंग किती तास आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. ज्या यंत्राचा श्वास विजेवर आहे ते तिथे बसवू नका. उद्घाटनाचा फलक राहील, पत्रा चोरीला जाईल.

तुमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला जाऊन या. तिथे घरोघरी शोषखड्डे करून गटारंच संपवली आणि डास गेले. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी घराच्या दारातच जिरवा, त्याला गावभर फिरवू नका. शौचालयाला दोन खड्डे, आलटून पालटून, विहिरीपासून लांब. खड्ड्यात मुरूम लागला तर छान, काळा कातळ लागला तर पाणी जिरणार नाही, मग तेवढ्या घरांचं पाणी एकत्र करून गावाबाहेर खडी-वाळूच्या वाफ्यात सोडा आणि त्यात कर्दळ, पाणकणीस लावा. नागपूरच्या नीरीने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ विकसित केलंय. काम तिथेही जिवाणूच करतात, झाडांच्या मुळांवर बसून. त्याला वीज लागत नाही, जागा लागते, आणि जागा तुमच्याकडे आहे. वाफ्याच्या आधी गाळ बसायची टाकी हवीच, नाहीतर दोन वर्षांत खडी बुजते. निधीतले उरलेले पैसे ती टाकी वर्षातून एकदा उपसण्यासाठी राखून ठेवा.

मॅडम, मी रात्रपाळीला एसटीपी ऑपरेटर आहे. आयटीआय केलंय. साहेब लोक रिपोर्ट बघतात, पण तो येईपर्यंत आठवडा जातो. मला त्या रात्रीच कळावं, की टाकी बरी आहे की आजारी, तर काय बघू?
— ऑपरेटर, नवी मुंबई

या पत्रासाठी खरं तर हे सगळं सदर लिहिलं.

एक लिटरचं सिलिंडर घ्या. हवेच्या टाकीतलं पाणी भरा, कठड्यावर ठेवा आणि मोबाइलवर तीस मिनिटं लावा. पहिल्या पाच मिनिटांकडे नीट बघा, तिथेच बरंच कळतं. चांगला गाळ सुरुवातीला मेघांसारखा गोळा होतो, मग एकसंध पडदा खाली उतरतो आणि वरचं पाणी नितळ राहतं. तीस मिनिटांनी ३०० च्या खुणेवर आला आणि एमएलएसएस (हवेच्या टाकीतल्या लिटरभर पाण्यातला गाळ, मिलिग्रॅममध्ये) ३,००० असेल तर गाळ बसण्याचा निर्देशांक १०० निघतो, छान. तोच ७०० वर अडकून राहिला तर दोन शक्यता आहेत. गाळ फार झालाय, किंवा तंतुमय जिवाणू माजलेत. अर्धं टाकीतलं पाणी, अर्धं शुद्ध केलेलं पाणी मिसळून पुन्हा लावा. आता झटकन खाली बसला तर गाळ जास्त, काढून टाका. तरीही फुगलेलाच राहिला तर तंतू, हवा वाढवून बघा. उलट गाळ धाडकन बसला आणि वर गढूळ टिकल्या राहिल्या, तर गाळ म्हातारा झालाय. सिलिंडर लगेच ओतू नका, आणखी दीड तास ठेवा. तोवर गाळ उठून वर आला तर तुमच्या सेटलरमध्येही तेच होणार आहे.

फेस बघा. पांढरा, साबणासारखा, नवीन टाकीत किंवा गाळ फार कमी असताना येतो. दाट, तपकिरी, चॉकलेटच्या सायीसारखा आणि पाण्याच्या फवाऱ्याने न मोडणारा आला तर स्वयंपाकघरातलं तेल टाकीत पोचतंय. ग्रीस ट्रॅप कोणी साफ केला नसेल.

आणि जमलं तर सूक्ष्मदर्शक मागा. जुना, शाळेतला चालेल. पहिल्यांदा बघाल तेव्हा तपकिरी पुंजके दिसतील, त्यांच्या कडेला देठावर लहान लहान घंटा डोलत असतील. ती वॉर्टिसेला. स्लाइडवर टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा टचकन आखडतो आणि हळूहळू पुन्हा उलगडतो. घंटा डोलताहेत तोवर टाकीची चिंता करू नका.

माझ्या नोकरीच्या सातव्या वर्षी एका मंगळवारी पहाटे मी स्लाइड लावली तर एकही घंटा हलत नव्हती. देठांवर गोळे झाले होते, बरेचसे देठ नुसतेच उभे. टाकी बाहेरून नेहमीसारखीच तपकिरी दिसत होती, पाणीही ठीक वाटत होतं. मी वरिष्ठांना सांगितलं, काहीतरी विषारी आलंय, आत येणारं पाणी वळवा. ते म्हणाले, रिपोर्ट येऊ दे. दुपारपर्यंत सेटलरमधून दुधाळ पाणी वाहायला लागलं. रात्री कोणीतरी धातूच्या मुलाम्याचं आम्ल टँकरने मॅनहोलमध्ये ओतलं होतं, असं नंतर निघालं. कोणी ओतलं ते कधीच सिद्ध झालं नाही. दुसऱ्या केंद्रातून सहा टँकर गाळ आणला, टाकी पूर्वपदावर यायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस नदीला जे गेलं ते गेलं. त्या मंगळवारचा बीओडी रिपोर्ट शुक्रवारी माझ्या टेबलावर आला, व्यवस्थित सही-शिक्क्यासह.

तेव्हापासून मी लॉगबुकात पीएच, डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) यांच्या शेजारी एक रकाना हाताने आखला: ‘घंटा’. त्यात फक्त ‘हलतात’ किंवा ‘नाही’ लिहायचं. तुम्हीही आखा.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगते. पंप अडकला, फ्लोट तुटला, काहीही झालं तरी टाकीत उतरायचं नाही, दोरी बांधूनही नाही, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ असं कोणीही म्हटलं तरी नाही. सडक्या अंड्याचा वास अचानक थांबला तर वायू गेलाय असं समजू नका, तुमचं नाक मेलंय. बाहेर या, मोकळ्या हवेत या आणि यंत्र असलेल्या माणसांना बोलवा. साहेब रागावले तर त्यांना हे पान दाखवा.

सिलिंडर काचेचं मिळालं तर बघा. प्लास्टिकच्यावरच्या खुणा सहा महिन्यांत पुसल्या जातात, मग सगळेच ३०० वाचायला लागतात.